मातीचा विद्यार्थी : सर आल्बर्ट हॉवर्ड

आमच्या शाळेंत येणाऱ्या मुलांपैकीं पुष्कळांचीं घरें शेतीवर चालतात. त्यामुळें मार्गशीर्षाच्या सुमारास तूर फुलावर आली असतां शेतांत जें एक दुःखदायक दृश्य दिसतें, तें त्यांच्या परिचयाचें आहे. तुरीचे तास हिरवेगार उभे असतात. कोठें फुलें, कोठें कोंवळ्या शेंगा. आणि मध्येंच एखादें झाड मान टाकतें. प्रथम पानें पिवळीं पडतात, मग तीं सुकतात, आणि थोड्याच दिवसांत उभें झाड वाळून जातें. शेजारचें झाड मात्र कांहींच झालें नाहीं अशा थाटांत डोलत असतें. पाण्याचा तुटवडा म्हणावा तर जमिनींत ओल असते. शेतकरी यालाच मर लागणें असें म्हणतात. तें झाड उपटून त्याचा बुंधा उभा चिरला तर आंत काळसर रेघा दिसतात. त्या म्हणजे झाडाच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या होत. जमिनींतील एक सूक्ष्म बुरशी मुळांवाटे आंत शिरते व त्या नळ्या कोंडून टाकते. आणि भोंवतीं ओल असूनही झाड तहानेनें मरतें.

असें मेलेलें झाड हातीं घेतल्यावर मनांत पहिला प्रश्न कोणता यावा? या बुरशीला मारावें कसें, हा? कीं ज्या मातींत ही बुरशी इतकी माजली, ती माती अशी कां झाली, हा? पहिला प्रश्न बहुतेक सर्वांना सुचतो. दुसऱ्या प्रश्नासाठीं ज्यानें आपलें सारें आयुष्य वेंचलें, अशा एका पुरुषाचें चरित्र आम्ही या अंकांत आमच्या वाचकांस सादर करीत आहों. त्याचें नांव सर आल्बर्ट हॉवर्ड. हा पुरुष जन्मानें इंग्रज. परंतु त्याची खरी शाळा आपल्या देशांतील शेतें ही होती, आणि त्याचे गुरु येथील शेतकरी होते.

आल्बर्ट हॉवर्ड यांचा जन्म ८ डिसेंबर १८७३ रोजीं इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यांत बिशप्स कॅसल या गांवीं झाला. वडील शेतकरी असल्यामुळें नांगर, गुरें व खत यांची ओळख त्यांना बालपणींच झाली. पुढें लंडन येथील शास्त्रविद्यालयांत व नंतर केंब्रिज विद्यापीठांत त्यांनीं निसर्गशास्त्रांचा अभ्यास केला आणि तो उत्तम रीतीनें पुरा केला. १८९९ सालीं वेस्ट इंडीज बेटांतील सरकारी शेतकी खात्यांत बुरशीशास्त्रज्ञ म्हणून त्यांची नेमणूक झाली. बार्बाडोस बेटावर राहून ऊंस, कोको इत्यादि पिकांवरील रोगांचा शोध करावा, रोगट पानें व मुळें सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावीं, बुरशी ओळखावी, आणि मळेवाल्यांना उपाय सांगावे, असें त्यांचें काम होतें.

या कामांत त्यांना लवकरच एक गोष्ट खटकूं लागली. ते लोकांना उपाय सांगत, परंतु तो उपाय स्वतः करून पाहण्यास त्यांच्यापाशीं वीतभरही जमीन नव्हती. ज्यानें कधीं पीक काढलें नाहीं त्यानें पीक काढणाऱ्याला उपदेश करावा, हें त्यांच्या शेतकरी मनाला पटेना. शिवाय त्यांना असेंही दिसलें कीं, शास्त्राचे तुकडे पडले आहेत. बुरशी एकानें पाहावी, कीड दुसऱ्यानें, माती तिसऱ्यानें. आणि संबंध झाड कोणींच पाहूं नये! १९०३ सालीं ते इंग्लंडांत वाय येथील शेतकी महाविद्यालयांत आले, आणि तेथून १९०५ सालीं हिंदुस्थानांत.

१९०५ हें साल आपल्या जिल्ह्याच्या इतिहासांतही लक्षांत राहण्यासारखें आहे. वऱ्हाडांतील जुना वाशीम जिल्हा त्याच सालीं मोडण्यांत आला. तो पुन्हां स्वतंत्र जिल्हा होण्यास १ जुलै १९९८ हा दिवस उजाडावा लागला. इकडे आपला जिल्हा नकाशावरून पुसला जात असतां तिकडे बिहार प्रांतांत पुसा येथें सरकारची मोठी शेतकी संशोधनसंस्था उभी राहत होती. तेथें हॉवर्ड यांना वनस्पतिशास्त्रज्ञाची जागा मिळाली. त्याच वर्षीं गॅब्रिएल मॅथाई या विदुषीशीं त्यांचा विवाह झाला. या बाईंनीं केंब्रिज येथें वनस्पतींच्या पानांत सूर्यप्रकाशानें अन्न कसें तयार होतें याविषयीं महत्त्वाचे प्रयोग केले होते. पुढील पंचवीस वर्षें पतिपत्नींनीं जोडीनें काम केलें. १९१३ मध्यें सरकारनें बाईंनाही त्याच खात्यांत शास्त्रज्ञाची दुसरी जागा दिली. त्या काळीं स्त्रीला असें पद मिळणें ही असामान्य गोष्ट होती. आमच्या विद्यार्थिनींनीं हें नांव अवश्य ध्यानांत ठेवावें.

पुसा येथेंच एडविन बटलर नांवाचे दुसरे एक थोर शास्त्रज्ञ त्या वेळीं काम करीत होते. मूळचे वैद्य असलेले हे आयरिश गृहस्थ हिंदुस्थानांतील वनस्पतिरोगशास्त्राचे जनक मानले जातात. तुरीची मर ज्या बुरशीमुळें होते ती बुरशी त्यांनींच शोधून काढली आणि १९१० सालीं तिला फ्युझेरियम उडम असें शास्त्रीय नांव दिलें. ही बुरशी रोगट झाडाच्या मुळांच्या व बुंध्याच्या अवशेषांवर जमिनींत दोन-तीन वर्षें किंवा त्याहूनही अधिक काळ जिवंत राहते. म्हणूनच एकाच शेतांत वर्षानुवर्षें तूर घेतल्यास मर वाढत जाते. बटलरसाहेबांच्या या शोधाचें मोल मोठें आहे. चोर कोण हें कळल्यावांचून बंदोबस्त कसा करावा? परंतु हॉवर्ड यांचें लक्ष चोरापेक्षां घराच्या दारांकडे अधिक होतें. दार उघडें कोणीं टाकलें, हें त्यांना जाणून घ्यावयाचें होतें.

पुसा येथें त्यांना सुमारें ७५ एकर जमीन स्वतःच्या प्रयोगांसाठीं मिळाली. बार्बाडोसमध्यें जी उणीव जाचत होती ती आतां दूर झाली. भोंवतालच्या खेड्यांत फिरतां फिरतां त्यांना एक आश्चर्य दिसलें. तेथील शेतकरी कसलेंही औषध फवारीत नसत, तरी त्यांचीं पिकें बहुतांशीं निरोगी असत. दुसरा कोणी साहेब असता तर त्यानें याकडे दुर्लक्ष केलें असतें. हॉवर्ड यांनीं मात्र या निरक्षर शेतकऱ्यांना आपले अध्यापक मानलें. ते पेरणी कशी करतात, डाळीचें पीक तृणधान्याच्या आड कसें घेतात, जमिनीला विसांवा केव्हां देतात, गुरांचें शेण कसें वापरतात, हें सर्व त्यांनीं शिष्यभावानें पाहिलें व आपल्या शेतांत करून पाहिलें. त्यांनीं स्वतः असें नमूद केलें आहे कीं, पांच वर्षांच्या या शिक्षणानंतर, म्हणजे १९१० च्या सुमारास, औषधांची मदत न घेतां निरोगी पीक काढण्याची विद्या त्यांना साधली. कीड व बुरशी यांना शत्रु न मानतां ते परीक्षक मानूं लागले. आपली मशागत कोठें चुकली हें दाखविण्यासाठीं ते येतात, असा त्यांचा विश्वास झाला.

याचें एक उदाहरण देतों. त्या काळीं बिहारमध्यें निळीची लागवड होती. जावा बेटांतून आणलेल्या जातीच्या निळीला मर लागूं लागली आणि मळेवाले हवालदिल झाले. लोक रोगाचा जंतु शोधूं लागले. हॉवर्ड दांपत्यानें जंतूच्या मागें न लागतां झाडें हलक्या हातानें खोदून काढलीं, आणि मुळें धुऊन पाहिलीं. तेव्हां त्यांना असें दिसलें कीं, पावसाळ्यांत जमीन चिंब होऊन दडपते, आंत हवा खेळत नाहीं, त्यामुळें बारीक तंतुमुळें व त्यांवरील गांठी कुजून जातात. आणि मुळेंच गेल्यावर झाड सुकणार नाहीं तर काय होणार? जमिनींतील पाण्याचा निचरा व हवा यांचें महत्त्व त्यांनीं यावरून पुनःपुन्हां सांगितलें. आमच्या काळ्या चिकण मातीच्या शेतांत श्रावणांत पाणी सांचून राहतें, तेथें पीक कसें पिवळें पडतें हें ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांना ही गोष्ट निराळी समजावून सांगावयास नको. याच काळांत गव्हाच्या पुसा ४ व पुसा १२ या प्रसिद्ध जाती या दांपत्यानें तयार केल्या.

१९२४ सालीं हॉवर्ड इंदूरला आले. होळकरांची ही राजधानी. बोलींत मराठी, आणि जमीन आपल्यासारखीच काळी, कापसाची. मध्य हिंदुस्थानांतील संस्थानें व हिंदुस्थानची मध्यवर्ती कापूस समिति यांच्या द्रव्यसाहाय्यानें तेथें वनस्पतिसंशोधनाची एक संस्था निघाली, आणि तिचे संचालक हॉवर्ड झाले. येथें त्यांनीं हातीं घेतलेला प्रश्न अगदीं घरगुती होता. कापसाचें बोंड गेल्यावर पऱ्हाटी उरते, तुरीच्या तुराट्या उरतात, गोठ्यांतील उष्टा चारा उरतो. शेतकरी तें चुलींत घालतो किंवा धुऱ्यावर पेटवून देतो. शेणही गोंवऱ्या होऊन चुलींतच जातें. मग जमिनीनें खावें काय? जी जमीन उपाशी राहिली, तिच्यांत वाढलेलें झाड सबळ कोठून होणार?

यांतून जी रीत निघाली ती जगभर इंदूर पद्धति म्हणून ओळखली जाते. चीन देशांतील शेतकऱ्यांच्या खत करण्याच्या जुन्या चालीचाही हॉवर्ड यांनीं अभ्यास केला होता. सुमारें ३० फूट लांब, १४ फूट रुंद व दोन-तीन फूट खोल असा खड्डा करावा. त्यांत काडीकचरा, पाला, तण यांचे थर पसरावे. पऱ्हाटीसारखीं कठीण काष्ठें अगोदर रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखालीं चिरडून घ्यावीं. प्रत्येक थरावर शेण, गोठ्यांतील मूत्र मुरलेली माती आणि थोडी राख टाकावी. पाणी शिंपडावें, पण चिखल होऊं देऊं नये. कारण आंत हवा खेळती राहिली पाहिजे. तीन वेळां ढीग वरखालीं करावा. तीन महिन्यांत काळें, भुसभुशीत, मातीच्या वासाचें खत तयार होतें. या कामीं यशवंत वाड हे त्यांचे सहकारी होते. १९३१ सालीं या पद्धतीवर जें पुस्तक निघालें, त्यावर हॉवर्ड यांच्या नांवाशेजारीं वाड यांचेंही नांव छापलेलें आहे.

आतां या ढिगांत काय घडतें तें पाहा. कारण आमच्या विषयाचें मर्म तेथेंच आहे. प्रथम ढीग तापतो. त्याची उष्णता साठ अंशांच्याही वर चढते, आणि रोगाचीं पुष्कळ बीजें त्या आंचेंत नष्ट होतात. मग ढीग उघडला तर पांढरी जाळी पसरलेली दिसते. ही जाळीही बुरशीचीच! परंतु ही बुरशी जिवंत झाडाला मारीत नाहीं; मेलेल्या काडीचें अन्न करते. म्हणजे बुरशी तेवढी वाईट हा समज खोटा. मातींत मारणाऱ्याही आहेत आणि राखणाऱ्याही आहेत. नोकरींतून निवृत्त झाल्यावर हॉवर्ड यांनीं १९३७-३८ च्या सुमारास हिंदुस्थान व लंका येथील चहाचे मळे पाहिले. चहाच्या निरोगी झाडांच्या मुळांशीं एका उपकारक बुरशीचे धागे जोडलेले असतात, हें त्यांना तेथें आढळलें. झाड तिला साखर देतें. ती झाडाला मातींतील क्षार आणून देते. ज्या शास्त्रज्ञानें बुरशीशीं लढण्यापासून आपलें आयुष्य सुरू केलें, त्यानें उतारवयांत बुरशी व झाड यांची मैत्री पाहून आनंद मानावा, ही गोष्ट आम्हांस फार हृद्य वाटते.

१९३० सालीं गॅब्रिएलबाई निवर्तल्या. १९३१ मध्यें हॉवर्ड इंदूर सोडून स्वदेशीं गेले. १९३४ सालीं त्यांना सर ही पदवी मिळाली. १९४० मध्यें त्यांनीं आपल्या अनुभवांचें सार सांगणारा शेतीविषयक ग्रंथ प्रसिद्ध केला व तो आपल्या दिवंगत सहधर्मिणीस अर्पण केला. गॅब्रिएलबाईंच्या भगिनी लुईझ यांच्याशीं त्यांचा दुसरा विवाह झाला होता; त्यांनींच पुढें १९५३ सालीं हॉवर्ड यांच्या हिंदुस्थानांतील कार्यावर पुस्तक लिहिलें. २० ऑक्टोबर १९४७ रोजीं, हिंदुस्थान स्वतंत्र झाल्यावर अवघ्या दोन महिन्यांनीं, सर आल्बर्ट यांचा देह पडला. इंग्लंड-अमेरिकेंत रासायनिक खतांवांचून शेती करण्याची जी चळवळ उभी राहिली, तिचे ते एक आद्य प्रवर्तक समजले जातात. इंदूरच्या त्यांच्या संस्थेच्या जागीं आज शेतकीचें महाविद्यालय आहे.

चरित्र लिहितांना गुण तेवढे सांगून दोष झांकणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. हॉवर्ड यांचा स्वभाव तिखट होता. विरोधी मताच्या शास्त्रज्ञांवर ते कठोर टीका करीत. उत्तरवयांत तर माती सुधारली कीं माणसांचे व जनावरांचेही बहुतेक रोग टळतील, असें ते बोलूं लागले. हें त्यांना सिद्ध करून दाखवितां आलें नाहीं. आपल्या बैलांना शेजारच्या आजारी गुरांची लाळ्या-खुरकूत लागली नाहीं, यावरून ते मोठें अनुमान काढीत. परंतु आज गुरांना लस टोंचून घेणें हाच शहाणपणा आहे, याविषयीं पालकांनीं शंका बाळगूं नये. तुरीच्या बाबतींतही नुसत्या खतानें मर थांबत नाहीं. बुरशीला बळी पडणारी जात पेरली तर चांगल्या खतावलेल्या शेतांतही झाडें वाळतात. बटलर यांचेंही म्हणणें खरें आणि हॉवर्ड यांचेंही खरें. चोर ओळखला पाहिजे आणि दारही लावलें पाहिजे.

हॉवर्ड यांच्या हयातींतच, १९३२ सालीं, अमेरिकेंत वाइंडलिंग या संशोधकानें ट्रायकोडर्मा नांवाची मातींतील एक बुरशी दुसऱ्या रोगट बुरशीच्या धाग्यांना वेटाळून त्यांचाच फडशा पाडते, हें दाखवून दिलें. ती कुजलेल्या काडीकचऱ्यावर आनंदानें वाढते. ज्या मातींत असें सेंद्रिय अन्न भरपूर, तेथें असे राखणदार पुष्कळ. ज्या मातींत तें नाहीं, तेथें मर आणणाऱ्या बुरशीला मोकळें रान. आज आपल्याकडील कृषि विद्यापीठें पेरणीपूर्वीं तुरीच्या व हरभऱ्याच्या बियाण्यास ट्रायकोडर्मा चोळण्याचा सल्ला देतात, आणि शेणखतांत मिसळून ती शेतांत टाकण्यासही सांगतात. हैदराबादजवळ पाटणचेरू येथें १९७२ सालीं स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संशोधनसंस्थेच्या प्रयोगांत, ज्वारीबरोबर घेतलेल्या तुरीला मर कमी लागते असें दिसून आलें. वऱ्हाडांत आमचे आजे-पणजे ज्वारींत तुरीचे तास टाकीत असत. तें अडाणीपण नव्हतें, तें शास्त्र होतें. फक्त त्याचें नांव त्यांना ठाऊक नव्हतें.

आतां ज्वारी मागें पडली आहे. वाशीम जिल्ह्यांत खरिपाच्या शेतांत बहुतेक सोयाबीन, त्यांत तुरीचे तास, आणि मागून हरभरा, असा क्रम वर्षानुवर्षें चालतो. मळणीनंतर कित्येक ठिकाणीं कुटार व काड पेटवून दिलें जातें. गेल्या हिवाळ्यांत आम्ही कांहीं विद्यार्थ्यांस घेऊन शाळेजवळच्या एका शेतांत गेलों होतों. शेताच्या एका बाजूस दरवर्षीं शेणखत पडत असे. दुसऱ्या बाजूस गाडी जात नसल्यामुळें पडत नसे. दोन्हीं बाजूंस मेलेलीं झाडें मुलांनीं मोजलीं. मेलेलीं झाडें दोन्हींकडे होतीं. पण बिनखताच्या बाजूस तीं उघडच अधिक होतीं. एका शेतावरून आम्ही सिद्धांत बांधीत नाहीं. तथापि त्या दिवशीं मुलांनीं मुळें धुऊन, बुंधे चिरून, स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलें. आणि हॉवर्ड यांची शाळा नेमकी हीच होती.

म्हणून पालकांस आमची विनंति इतकीच कीं, मर लागलेलीं झाडें मुळांसकट उपटून जाळावींत, परंतु निरोगी पिकाचा काडीकचरा जाळूं नये. तो खड्ड्यांत घालावा. मर असलेल्या शेतांत पुढील तीन वर्षें तूर व हरभरा टाळून ज्वारीसारखें पीक घ्यावें. मारुती किंवा बीएसएमआर ७३६ यांसारख्या मर सहन करणाऱ्या तुरीच्या जाती आहेत, त्यांची चौकशी करावी. आणि विद्यार्थीमित्रांनो, तुम्हांपैकीं जे पुढें शास्त्र शिकतील त्यांनीं हें विसरूं नये कीं, केंब्रिजची पदवी घेऊन आलेला एक शास्त्रज्ञ बिहारच्या शेतकऱ्यापुढें शिष्य होऊन उभा राहिला. तुमचा गुरु तर तुमच्या घरींच आहे. या सुट्टींत आजोबांबरोबर शेतांत जा, एक वाळलेलें झाड उपटा, त्याचें मूळ स्वच्छ धुवा, आणि तें दोघांनीं मिळून पाहा.